७० कोटी पौंड आणि ४ माणसे

विलायतेच्या पार्लमेंटात ता. २२ जुलै २०२४ रोजी नव्या गृहमंत्री इव्हेट कूपर यांनी एक हिशेब सादर केला. तो आमच्या पेठेतील कोणाही व्यापाऱ्यापुढे ठेविला असता, तर त्याने आपल्या मुनिमास त्याच दिवशी कायमची रजा दिली असती. इंग्लंडात होड्यांतून येणाऱ्या आश्रितांस आफ्रिकेतील रुआंडा देशात पाठविण्याच्या योजनेपायी मागील सरकारने ७० कोटी पौंड खर्ची घातले होते, आणि या खर्चाने रुआंडात जाऊन पोहोचलेली माणसे होती ४. तीही जबरदस्तीने नेलेली नव्हेत. ‘तुम्ही आपखुशीने जाल तर ३ हजार पौंडांपर्यंत रक्कम देऊ’ अशा बोलीने गेलेली! यांपैकी २९ कोटी पौंड रुआंडाच्या सरकारास पोहोचले. बाकीचे न उडालेल्या विमानांच्या भाड्यात, धरून ठेवून पुन्हा सोडलेल्या माणसांच्या बंदोबस्तात आणि हजाराहून अधिक कारकुनांच्या पगारात गेले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आमच्याकडे जुनी आहे. पण तीत निदान कोंबडी तरी असते.

हा नुसता हसण्याचा विषय असता तर आम्ही त्यावर लेखणी उचलली नसती. आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले, भाचे, जावई आज इंग्लंडात शिकत आहेत किंवा नोकरीस आहेत. तेथील नागरिक ‘बाहेरून येणारे आमचा कर खातात’ म्हणून जी भांडणे भांडतात, त्यांचा आघात शेवटी याच मुलांच्या खिशावर होतो. सबब या प्रकरणाची कुळकथा मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

सन २०१६ च्या जून महिन्यात युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही यावर तेथे लोकमत घेण्यात आले. बाहेर पडू इच्छिणाऱ्या पक्षाने एका तांबड्या मोटारीवर मोठ्या अक्षरांत लिहून गावोगाव फिरविले की, आम्ही संघास दर आठवड्यास ३५ कोटी पौंड देतो, ते आपल्या दवाखान्यांस देऊ या. तेथील सरकारी आकडेशास्त्र्यांच्या अधिकृत मंडळाने हा आकडा दिशाभूल करणारा आहे असे सांगितले. तरी मोटार फिरतच राहिली. या पक्षाचे दुसरे आश्वासन असे की, देशाचे दार आमच्या हाती येईल आणि परकीयांची आवक कमी होईल. दार हाती आले खरे. पण जून २०२३ अखेरच्या वर्षात येणाऱ्यांतून जाणारे वजा करिता उरलेला आकडा ९ लाखांच्या घरात गेला! कारण उघड होते. विद्यापीठांस परदेशी विद्यार्थ्यांची फी हवी होती, वृद्धांच्या शुश्रूषागृहांस हात हवे होते, आणि सरकारने स्वतःच्या सहीशिक्क्याने तितके परवाने दिले होते. त्याच सुमारास, म्हणजे सन २०२२ मध्ये, इंग्लिश खाडीतून होड्यांनी आलेले लोक होते ४५ हजारांहून थोडे अधिक. ज्या सरकारने पुढील दाराने लाखो लोक आपण होऊन बोलाविले, ते मागील खिडकीतून आलेल्यांकडे बोट दाखवून ‘हे पहा संकट’ म्हणून ओरडू लागले. नागरिकांनीही खिडकीकडेच पाहिले.

प्रत्येक राष्ट्रास आपल्या घरात कोणास घ्यावे हे ठरविण्याचा हक्क आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. स्वराज्य मागणाऱ्या पिढ्यांचे वारस असलेल्या आम्ही तो हक्क दुसऱ्यास नाकारणे शोभणारे नाही. आमचा आक्षेप दार लावण्यास नसून खोट्या वहीस आहे.

त्या वहीचे पहिलेच पान पहा. ता. १४ एप्रिल २०२२ रोजी मुख्य प्रधान बोरिस जॉन्सन यांनी रुआंडाची योजना जाहीर केली. तिच्या आदल्या दिवशीचा एक कागद आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा आहे. इंग्लंडच्या राज्यपद्धतीत प्रत्येक खात्याचा मुख्य चिटणीस हा त्या खात्याच्या खर्चाबद्दल पार्लमेंटास जातीने जबाबदार असतो. एखादा खर्च पैशाचा मोबदला देणारा नाही असे त्यास वाटले, तर तो मंत्र्याकडून लेखी हुकूम मागू शकतो; म्हणजे पुढे जाब विचारला गेल्यास जबाबदारी कोणाची ते कागदोपत्री राहते. गृहखात्याच्या चिटणिसाने असा लेखी हुकूम मागितला. या योजनेने होड्या थांबतील व पैसा वसूल होईल असे दाखविणारा पुरेसा पुरावा आपणापाशी नाही, असे त्याचे म्हणणे होते. गृहमंत्री प्रीती पटेल यांनी हुकूम दिला. योजना फसणार हे कोणासच ठाऊक नव्हते असे आज कोणी म्हणेल, तर त्याच्यापुढे हा कागद ठेवावा.

पहिले विमान ता. १४ जून २०२२ रोजी रात्री निघावयाचे होते, ते स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्कांच्या न्यायालयाच्या हुकुमामुळे जागीच राहिले. पुढे ता. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी विलायतेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने ठरविले की, रुआंडास पाठविलेल्या आश्रितांस तेथून त्यांच्या मूळ देशी, जेथून ते जीव घेऊन पळाले तेथेच, परत लोटले जाण्याचा खरा धोका आहे. सबब योजना बेकायदेशीर. हा निर्णय भावनेवर नव्हे, पुराव्यावर दिलेला होता. सरकारने यावर काय करावे? अपिलास जागा नव्हती. म्हणून त्याने एप्रिल २०२४ मध्ये कायदाच करून टाकिला की, रुआंडा हा सुरक्षित देश आहे, आणि प्रत्येक अधिकाऱ्याने व न्यायालयाने तो तसा आहे असेच धरून चालावे!

आम्ही कायदा शिकलेले आहो. कायद्यात काल्पनिक गोष्टी असतात हे आम्हांस ठाऊक आहे. दत्तक पुत्र औरस मानिला जातो, देवळातील मूर्तीस दाव्यात पक्षकार होता येते. परंतु या कल्पनांनी कोणी फसत नाही. दत्तकाची खरी आई कोण हे साऱ्या गावास माहीत असते. येथे मात्र न्यायालयाने साक्षीपुरावा तपासून एक वस्तुस्थिती ठरविली, आणि जो पक्ष हरला त्यानेच बहुमताच्या जोरावर ती उलटी ठरविली. श्रावणास वैशाख म्हणावे असा ठराव पार्लमेंटाने केला तरी छत्री घरी ठेवून चालत नाही. सरदारसभेने हे विधेयक वारंवार दुरुस्त्या सुचवून परत पाठविले, पण अखेर ती नमली. जुलै २०२४ च्या निवडणुकीत ते सरकारच गेले आणि नव्या मुख्य प्रधानांनी पहिल्याच आठवड्यात योजनेस मूठमाती दिली.

आता नागरिकांच्या वादाकडे वळू. तेथील करदात्याचा संताप खोटा नाही. सन २०२३ मध्ये आश्रितांस हॉटेलांत ठेवण्यापायी सरकार रोज सुमारे ८० लाख पौंड मोजीत होते. आपल्या गावातील हॉटेलात परके लोक फुकट राहतात आणि आपल्यास दवाखान्यात महिनोन्‌महिने पाळी येत नाही, हे ज्यास दिसते त्यास राग आल्यावाचून कसे राहील? परंतु या हॉटेलांचे बिल वाढविले कोणी? त्या वर्षीच्या जूनअखेर आश्रयाच्या अर्जाचा पहिला निकालसुद्धा न लागलेली माणसे १ लाख ७५ हजारांवर होती. अर्ज तपासणारे कारकून पुरेसे नाहीत, निकाल लागत नाहीत, आणि निकाल लागेपर्यंत पहिले वर्षभर अर्जदारास काम करण्याची मनाई! जो धडधाकट मनुष्य स्वतःच्या भाकरीपुरते कमवू शकला असता, त्यास कायद्यानेच हात बांधून बसवावयाचे, मग त्यास आयतोबा म्हणून हिणवावयाचे, हा कोणता न्याय? हॉटेलाचा पैसाही आश्रितास मिळत नाही. तो ठेकेदारास मिळतो. आश्रिताच्या हाती पडणारा भत्ता आठवड्यास ५० पौंडांहून कमी असे, आणि हॉटेलात जेवण मिळत असेल तर १० पौंडांहूनही कमी. राग रास्त आहे, पण त्याचा पत्ता चुकला आहे.

आणि जे परवाना घेऊन, फी भरून, रीतसर जातात त्यांचे काय? त्यांच्यावर एप्रिल २०१५ पासून दवाखान्याच्या नावाने एक स्वतंत्र पट्टी बसली. आरंभी ती दरसाल माणशी २०० पौंड होती. पुढे ४०० झाली, मग ६२४, आणि ता. ६ फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड. विद्यार्थी व १८ वर्षांखालील मुले यांस ती ७७६ पौंड ठरली. आमच्या वाचकांनी बेरीज करून पहावी. पुण्याचा एखादा संगणक अभियंता बायको व दोन मुलांसह पाच वर्षांच्या परवान्यावर गेला, तर या दराने त्यास १८ हजार ११० पौंड मोजावे लागतात. तेही हप्त्याने नव्हे, अर्जाबरोबरच रोख. तेथे गेल्यावर त्याच्या पगारातून प्राप्तीवरील कर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी ही शेजाऱ्याइतकीच कापली जातात, आणि सार्वजनिक तिजोरीतून मिळणारे भत्ते मात्र त्यास वर्ज्य, असा शेरा त्याच्या परवान्यावर असतो. ही पट्टी वाढविण्याचे कारण दवाखान्यांचा खर्च असेही म्हणवत नाही. जुलै २०२३ मध्ये डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांचे पगार वाढवावयाचे ठरले तेव्हा पैसा कोठून आणावा हा प्रश्न आला, आणि मुख्य प्रधान ऋषी सुनक यांनी परवान्यांची फी व ही पट्टी वाढवून तो काही अंशी सोडविला. ज्यांस मत नाही त्यांच्यावर कर बसविणे हे सर्वांत सोपे अर्थशास्त्र होय.

हे आम्हांस नवे नाही. नाताळ वसाहतीने सन १८९५ मध्ये मुदत संपलेल्या हिंदी गिरमिट्यांवर माणशी दरसाल ३ पौंडांचा कर बसविला. गिरमिट्याची मिळकत महिना १४ शिलिंगांच्या आसपास, बायकापोरांवरही कर. हेतू पैशाचा नव्हता. मजूर हवा पण शेजारी नको, एवढाच होता. नामदार गोखले यांनी सन १९१२ मध्ये स्वतः तेथे जाऊन त्याविरुद्ध रदबदली केली, सन १९१३ चा सत्याग्रह झाला, आणि सन १९१४ मध्ये तो कर गेला. आजचा अभियंता गिरमिट्या नव्हे. तो आपखुशीने जातो आणि चांगला पगार घेतो, हा भेद आम्ही नाकारीत नाही. पण ‘काम करा, कर भरा, मुक्काम करू नका’ हा त्या जुन्या कराचा सूर या नव्या पट्टीतही ऐकू येतो. मे २०२५ मध्ये नव्या सरकारने कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची सामान्य मुदत दहावर न्यावी असा प्रस्ताव मांडला, तेव्हा तो सूर अधिकच स्पष्ट झाला. दहा वर्षांचा मुक्काम म्हणजे पट्टीही दुप्पट.

या इतिहासातील एक गोष्ट लिहिताना आम्हांस खंत वाटते. ज्यांनी ही योजना चालविली त्या प्रीती पटेल यांचे आईबाप युगांडातून आलेले गुजराती. त्यांच्यामागून गृहमंत्री झालेल्या सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील केनियातून आलेले, मूळ गोमंतकीय वंशाचे. सुनक यांचे आईबापही पूर्व आफ्रिकेतून आलेले पंजाबी. सन १९६८ मध्ये केनियातील हिंदी लोकांची वाट अडविण्यासाठी पार्लमेंटाने अवघ्या तीन दिवसांत कायदा पुरा केला होता, हे या घरांतून विसरले गेले असेल असे वाटत नाही. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याचा अनुभव असलेल्यांस हा स्वभाव परिचयाचा आहे. फलाटावर असतो तोवर ‘अहो, आत जागा आहे’ म्हणून ओरडणारा इसम आत शिरला की दाराशी पाठ लावून उभा राहतो. असो. जातीच्या माणसाकडून जातीची कणव मिळेल या भरवशावर राजकारण करू नये, एवढे तरी यातून आमच्या लोकांनी शिकावे.

ता. २४ जुलै २०२५ रोजी हिंदुस्थान व ब्रिटन यांच्यामध्ये व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या. त्याच्या जोडीने असे ठरले होते की, थोड्या मुदतीसाठी पाठविलेल्या हिंदी नोकरदारांनी व त्यांच्या धन्यांनी तीन वर्षेपर्यंत विलायतेच्या राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरू नये. ती त्यांनी स्वदेशीच भरावी. यात अधिकउणे काही नव्हते. इंग्लंडने असे ठराव युरोप, अमेरिका, कॅनडा, जपान यांच्याशी पूर्वीच केलेले आहेत. तरी हिंदी माणसास सवलत म्हटल्याबरोबर विरोधी पक्षाने ‘आमच्या कामकऱ्याचा घात झाला’ असा गिल्ला केला. तेव्हा सरकारने आपल्या बचावात सांगितले की, हे लोक दवाखान्याची पट्टी तर भरणारच आहेत! आमच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी विमा सोडविला, पण पट्टी सुटली नाही.

सन १८९७ मध्ये गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनापुढे साक्ष देण्यास लंडनला गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख असा होता की, ज्याचा पैसा खर्च होतो त्याचा खर्चावर काही ताबा नाही. तोच प्रश्न आज लंडनच्या करदात्याने आपल्या सरकारास विचारावा, आणि आमच्या सरकारने आमच्या माणसांतर्फे विचारावा: या पट्टीचे उत्पन्न किती, त्यातील दवाखान्यांवर किती गेले, आणि कर भरणाऱ्याकडून ती दुसऱ्यांदा का घ्यावी? नोकरीच्या पहिल्या वर्षानंतर पट्टी माफ करावी, निदान ती वर्षावर्षाने घ्यावी, एवढी मागणी तरी व्यापारी मंडळांनी लेखी पाठविण्यास हरकत नाही. तोवर मुलास विलायतेस धाडणाऱ्या बापाने फीच्या आकड्याखाली हा दुसरा आकडा मांडून मगच कर्जाच्या कागदावर सही करावी.