चुंबक फिरतो, दिवा लागतो

'यांत्रिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर करणारे साधन म्हणजे डायनॅमो', ही व्याख्या आम्ही शाळेत घोकून पाठ केली. तिला पूर्ण गुण मिळाले, अर्थ मात्र कळला नव्हता. पुढे कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लागलो. अलीकडे घरातल्या विद्यार्थ्याने विचारले, "चुंबकातली वीज संपत कशी नाही?" आमची पंचाईत झाली. उत्तर शोधताना जे समजले ते येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, चुंबकात वीज साठवलेली नसते. तारेच्या वेटोळ्यात चुंबक वर्षभर नुसता ठेवला तरी वीज मिळणार नाही. चुंबक आत सरकवताना वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र वाढते, बाहेर काढताना ते कमी होते. हा बदल चालू असतो तेवढाच वेळ तारेत प्रवाह वाहतो. आत नेताना एका दिशेने, बाहेर काढताना उलट दिशेने. चुंबक जितका जोरदार, वेटोळ्याचे फेरे जितके जास्त आणि हालचाल जितकी वेगवान, तितका विजेचा दाब अधिक.

हे मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली लंडनमध्ये प्रयोगाने दाखवून दिले. ते लोहाराचे पुत्र. शालेय शिक्षण जेमतेम झालेले. पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षे उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून ते विज्ञानाकडे वळले.

आता सायकलचा डायनॅमो पाहू. त्यात वेटोळे स्थिर असते व चुंबक फिरतो. डायनॅमो टायरला टेकवला की पायडल जड लागते, हा अनुभव अनेकांना असेल. काही भाग घर्षणाचा. पण दिवा लागला की वेटोळ्यातील प्रवाहही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करून चुंबकाच्या फिरण्याला विरोध करतो. तो विरोध मोडण्यासाठी पायाला जास्त कष्ट पडतात. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे, तर दिव्याच्या खाती जे जमा होते ते पायाच्या खाती नावे पडलेले असते. म्हणून चुंबकातली वीज 'संपत' नाही. खर्च होतात ते श्रम.

मोठ्या वीजकेंद्रातही तत्त्व हेच. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहात उंचावरून येऊन टर्बाइन फिरवते. चंद्रपूरला कोळसा जाळून केलेली वाफ तेच काम करते. तेथे कायम चुंबकाऐवजी वीज सोडून तयार केलेला विद्युतचुंबक फिरवतात, एवढाच फरक. सौर पॅनेलची रीत मात्र वेगळी; त्यात चुंबकही नाही आणि वेटोळेही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत गॅल्व्हनोमीटर असेल तर शिक्षकांकडे हा प्रयोग मागून घ्या. चुंबक थांबवा, काटा शून्यावर येईल. हलवा, काटा हलेल. आम्ही तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर पाहिला. तुम्ही इतका उशीर करू नका.