पिल्लू आणि लस एकाच घरातून: व्यंकटेश्वरा हॅचरीज व ठाणे जिल्ह्यातील कुक्कुटपालन

कोंबडीची लस विकणारी कंपनी आणि कोंबडीचे पिल्लू विकणारी कंपनी या बहुतेक ठिकाणी निरनिराळ्या असतात, कारण विषाणूंवर काम करणारी प्रयोगशाळा आणि अंडी उबवणारे केंद्र यांचे शास्त्र वेगळे, भांडवल वेगळे आणि जोखीमही वेगळी असते. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या राव कुटुंबाच्या उद्योगसमूहाने मात्र ही दोन्ही कामे, आणि त्यांच्या जोडीला खाद्य, पशुऔषधे व प्रक्रिया केलेले मांसही, एकाच घराच्या मालकीखाली आणली. कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात जी ब्रॉयलर कोंबडी आज सहज मिळते आणि शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याने शेतीला जोडून जो धंदा उभा केला, त्यामागची पुरवठ्याची रचना समजून घ्यायची, तर या कुटुंबाचा इतिहास पाहावा लागतो.

डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये या व्यवसायाला सुरुवात केली. पुढे ‘व्यंकीज’ या नावाने शेअर बाजारात ओळखली जाऊ लागलेली कंपनी 1976 मध्ये ‘वेस्टर्न हॅचरीज’ म्हणून नोंदली गेली, आणि 1980 मध्ये ‘व्हेन्को’ हे संशोधन व पैदास केंद्र निघाले. या तीन टप्प्यांत तिसरा निर्णायक होता. व्यावसायिक कोंबडीची पैदास ही उतरंड असते: सर्वांत वर शुद्ध वंशाचे मोजके कळप, त्यांच्यापासून पणजी-पणजोबा आणि आजी-आजोबा पिढी, त्यांच्यापासून आई-बापांची पिढी, आणि शेवटी शेतकऱ्याकडे जाणारे संकरित पिल्लू. या शेवटच्या पिल्लाची अंडी उबवून तसेच पिल्लू पुन्हा मिळत नाही, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून ज्याच्या हाती शुद्ध वंश, त्याच्या हाती सगळा धंदा. व्हेन्कोने अमेरिकेतील बॅबकॉक व कॉब या पैदासकारांच्या सहकार्याने अंड्यांसाठी ‘बीव्ही-300’ आणि मांसासाठी ‘व्हेनकॉब’ या जाती भारतात उभ्या केल्या, आणि उतरंडीचा वरचा टप्पा देशात आला.

जास्त उत्पादन देणारा पक्षी रोगाला बळी पडतो तेव्हा नुकसानही तितकेच मोठे होते, आणि हजारो पक्षी एका छपराखाली असतील तर रोग पसरायला काही दिवस पुरतात. या धोक्याचा सर्वांत जुना नमुना म्हणजे राणीखेत. मानमोडी म्हणून खेड्यापाड्यांत ओळखला जाणारा हा विषाणूजन्य रोग 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळला आणि त्याच गावाचे नाव त्याला मिळाले. त्याच्याविरुद्धच्या लसीचे मोठे काम मुक्तेश्वरच्या सरकारी संशोधन संस्थेत झाले, आणि महाराष्ट्रात पुण्याच्या औंध येथील शासकीय पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेने कोंबड्यांच्या लसी तयार करून जिल्ह्यांकडे पाठवल्या. खासगी लसउद्योग या सरकारी पायावर उभा राहिला, ही गोष्ट खासगी कंपन्यांच्या यशोगाथांत सहसा विसरली जाते.

या समूहाची ‘व्हेंट्री बायोलॉजिकल्स’ ही लसशाखा ज्या एका गोष्टीमुळे वेगळी ठरते, ती म्हणजे विशिष्ट रोगजंतूमुक्त अंडे. कोंबडीच्या अनेक लसींतील विषाणू फलित अंड्यातच वाढवला जातो: साधारण 9 ते 11 दिवस उबवलेल्या अंड्यातील भ्रूणाभोवतीच्या पोकळीत तो टोचतात, काही दिवसांनी तिथले द्रव काढून शुद्ध करतात आणि गोठवून सुकवलेल्या भुकटीच्या रूपात कुपीत भरतात. हे अंडे साध्या कळपातले असेल तर दोन अडचणी येतात. आईला पूर्वी दिलेल्या लसीमुळे बलकात उतरलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, आत टोचलेल्या विषाणूला वाढू देत नाहीत. आणि त्याहून गंभीर म्हणजे, आईकडून अंड्यात उतरलेला एखादा दुसरा रोगजंतू लसीबरोबर हजारो शेडमध्ये पोहोचू शकतो. म्हणून लसीच्या अंड्यांसाठी गाळलेल्या हवेच्या बंदिस्त घरांत, निर्जंतुक खाद्यावर, वारंवार रक्त तपासत स्वतंत्र कळप सांभाळावे लागतात. व्यंकीजने अशा अंड्यांचे उत्पादन अमेरिकेतील स्पाफास या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरू केले. पक्षी सांभाळण्याची शिस्त अंगी असलेल्या पैदासकारालाच हे काम पेलते, आणि पिल्लांच्या धंद्यातून लसीच्या धंद्यात जाण्याचे सर्वांत पटणारे कारण इथेच आहे.

तयार झालेली लस शेतात पोहोचेपर्यंत 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राहिली नाही, तर प्रयोगशाळेतील सगळी काळजी वाया जाते. शहापूर-मुरबाड पट्ट्यात उन्हाळ्यातला उकाडा आणि विजेचा लपंडाव पाहता औषधविक्रेत्याचा फ्रीज व शेतकऱ्याच्या हातातील बर्फाचा डबा हे साखळीतले सर्वांत नाजूक दुवे ठरतात. पहिल्या आठवड्यात राणीखेतची ‘लासोटा’ लस डोळ्यात थेंबाने देतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरोची लस येते. अमेरिकेतील गंबोरो या गावावरून नाव पडलेला हा रोग पिल्लाच्या प्रतिकारशक्तीच्या मुळावरच घाव घालतो, आणि 1990च्या दशकाच्या आरंभी त्याच्या तीव्र प्रकाराने भारतातील कळपांचे अतोनात नुकसान केले. पुढचे डोस पाण्यातून दिले जातात, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन लसीतील जिवंत विषाणू मारत असल्यामुळे त्या पाण्यात आधी साय काढलेल्या दुधाची भुकटी विरघळवतात. बाटलीवरच्या नावाइतकेच या भुकटीलाही महत्त्व आहे, आणि हे शेतकऱ्याला शिकवणारा माणूस हा पशुऔषध पुरवठ्याचा खरा कणा मानला पाहिजे.

राव यांनी औषधाइतकेच लक्ष भावाकडे दिले. अंड्याचा दर व्यापारी ठरवत आणि उत्पादकाचा खर्चही निघत नसे, अशा अवस्थेत देशभर बैठका घेऊन त्यांनी उत्पादकांना एकत्र केले, आणि 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आकाराला आली. तिच्या जाहीर होणाऱ्या दरांकडे अंड्यांचा घाऊक बाजार आजही पाहतो. 1990 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1996 मध्ये ते वारले. त्यानंतर समूहाची धुरा कन्या अनुराधा देसाई यांच्याकडे आली आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी राव कारभारात राहिले. संस्थापकाच्या मृत्यूनंतर विभागण्या होऊन मोडणाऱ्या कौटुंबिक उद्योगांची उदाहरणे महाराष्ट्रात कमी नाहीत. इथे मात्र पैदास, लस आणि खाद्य एकत्र राहिले.

ठाण्यातच त्याच्या उलट वाट दिसते. वागळे इस्टेटमध्ये तेव्हा मुख्यालय असलेली सिक्वेंट सायंटिफिक ही कंपनी ‘अलिविरा’ या उपकंपनीमार्फत अल्बेंडाझोलसारखी, म्हणजे गुरांच्या पोटातील जंत मारणारी, औषधे अनेक देशांत पाठवत असताना 2020 मध्ये तिच्या प्रवर्तकांनी नियंत्रण कार्लाईल या अमेरिकी गुंतवणूक समूहाकडे सोपवले. भांडवल आणि परदेशी बाजार यांसाठी हा मार्ग समजण्यासारखा आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच कळपाची नोंद सांभाळण्याचा पैदासकाराचा संयम अशा मालकीत किती टिकेल, हा प्रश्न उरतो.

कुटुंबाच्या हाती सर्व साखळी असण्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. करारपद्धतीत कंपनी पिल्लू, खाद्य, लस व औषध देते, आणि शेतकरी शेड, वीज, जमिनीवर पसरायचे भाताचे तूस व मेहनत पुरवतो. सुमारे 40 दिवसांनी, पक्षी दोन किलोच्या आसपास भरला की माल उचलला जातो आणि शेतकऱ्याला किलोमागे संगोपनाचा मोबदला मिळतो. कोणते औषध द्यायचे हा निर्णय अशा वेळी त्याचा राहत नाही. माणसांच्या उपचारात शेवटचा आधार मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा वापर कोंबड्यांत होत असल्याबद्दल 2018 मध्ये शोधपत्रकारितेतून जी चर्चा झाली, तीत विक्रेत्यांमध्ये व्यंकीजचे नाव आले. आपण कायद्याचे पालन करतो, अशी कंपनीची भूमिका होती. सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. त्यावेळी कायदा मोडलेला नसला, तरी कायदा येईपर्यंत थांबणे एवढ्या मोठ्या, एवढ्या जाणकार उद्योगाला शोभणारे नव्हते.

फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे पक्षी मरू लागले, तपासणीत बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू निघाला आणि भोवतालच्या एक किलोमीटर परिसरातील सुमारे 25,000 पक्षी नष्ट करण्याचा आदेश जिल्हा प्रशासनाने दिला. या विषाणूविरुद्ध लस टोचण्याऐवजी बाधित परिसरातील पक्षी नष्ट करण्याचे धोरण भारताने स्वीकारलेले असल्यामुळे इथे कोणत्याही कंपनीची कुपी उपयोगाची नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस मात्र भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने एच9एन2 या सौम्य प्रकाराविरुद्ध तयार केलेल्या निष्क्रिय, म्हणजे मारलेल्या विषाणूच्या, लसीचे तंत्रज्ञान चार खासगी उत्पादकांना दिले, आणि व्यंकटेश्वरा हॅचरीज ही त्यांपैकी एक होती.