अर्धशिशी आणि आपले घरगुती उपाय



वऱ्हाडांत डोकें दुखूं लागलें म्हणजे औषधाआधीं सल्ला येतो. रोग्यानें उशीवर डोकें टेकलें न टेकलें तोंच शेजारच्या काकू सुंठ उगाळावयास सांगतात, आजी गाईचें तूप नाकांत सोडावयास सांगते, आणि ओसरीवरचे एखादे वृद्ध गृहस्थ सूर्योदयापूर्वीं दूध-जिलेबी खाण्याचा तोडगा सुचवितात. प्रत्येकापाशीं गुण आलेल्या माणसांचीं नांवें तयार असतात. हे उपाय सरसकट टाकाऊ मानणें जसें योग्य नव्हे, तसेंच ते घरगुती आहेत एवढ्यावरून त्यांना निरुपद्रवी समजणेंही योग्य नव्हे. त्यांतील कोणते घ्यावे, कोणते सोडावे, आणि कोणत्या वेळीं ते सारे बाजूस सारून डॉक्टरांकडे धांव घ्यावी, एवढाच विचार आज करावयाचा आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोग सांगितले असून ‘अर्धावभेदक’ हा त्यांपैकीं एक आहे. आपली अर्धशिशी ती हीच. ग्रीक वैद्यांनींही तिला ‘अर्धें मस्तक’ अशाच अर्थाचें नांव दिलें होतें. त्या नांवाचा अपभ्रंश होत होत मायग्रेन हा शब्द बनला. बहुधा डोक्याच्या एका बाजूस ठणका लागतो, हालचालीनें तो वाढतो, मळमळतें, उलटी होते, उजेड व आवाज सहन होत नाहीं. औषध न घेतल्यास हा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. कित्येकांना ठणका लागण्यापूर्वीं डोळ्यांपुढें नागमोडी, चमकत्या रेषा दिसतात आणि तासाभराच्या आंत नाहींशा होतात.

आपल्याकडे या दुखण्यास ‘पित्त’ म्हणून मोकळें होण्याची चाल आहे. उलटी झाली कीं पुष्कळांस उतार पडतो. त्यावरून पोटांतील पित्तच डोक्यांत चढलें होतें, असा समज झाला आहे. कांहीं जण तर घशांत बोटें घालून उलटी काढतात. परंतु येथें कार्य आणि कारण यांची उलटापालट झालेली आहे. दुखण्याचें मूळ मेंदूंत आणि चेहरा व मस्तक यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंत असतें. तेथें सीजीआरपी नांवाचें एक द्रव्य सुटतें व वेदना भडकते. मळमळ हा त्याचा परिणाम होय. झटका चालू असतांना जठराची गतिही मंदावते. म्हणून उशिरां घेतलेली गोळी पोटांतच पडून राहते आणि ‘मला गोळी लागूच पडत नाहीं’ अशी तक्रार ऐकूं येते. गोळी घ्यावयाचीच, तर ती डॉक्टरांच्या सल्ल्यानें, ठणका चढण्याच्या आरंभींच घ्यावी.

हा विकार विरळा नाहीं. कर्नाटकांत झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत दर शंभर प्रौढ माणसांत सुमारें पंचविसांना वर्षभरांत अर्धशिशीचा त्रास झालेला आढळला. पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो दुपटीतिपटीनें अधिक असतो. तरीही घरांतील बाईचें डोकें दुखणें हा आजार आहे असें घरांतल्या कोणास वाटत नाहीं. डोक्याला फडकें करकचून बांधून ती स्वयंपाकाला लागते. अशा घरीं उपाय पुष्कळ सुचविले जातात. विसावा मात्र कोणी सुचवीत नाहीं.

आतां उपायांकडे वळूं. सुंठ हा त्यांतील सर्वांत प्रतिष्ठित. २०१४ सालीं इराणमध्यें शंभर रोग्यांवर झालेल्या एका प्रयोगांत सुंठीची पूड पोटांत दिली असतां ती सुमाट्रिप्टान या मान्यताप्राप्त औषधाच्या जवळपास उतरली. परंतु ब्राझीलमध्यें झटके टाळण्यासाठीं ती महिनोन् महिने दिली, तेव्हां खोट्या औषधापेक्षां तिचा अधिक गुण दिसला नाहीं. मळमळीवर आलें-सुंठ उपयोगी पडते, हें मात्र मान्य आहे. तेव्हां सुंठीचा काढा किंवा आल्याचा चहा घेण्यास हरकत नाहीं. कपाळावरच्या लेपाची गोष्ट निराळी. त्याच्या जळजळीनें मन दुसरीकडे वळतें, यापलीकडे फारसें पदरांत पडत नाहीं, आणि लेप डोळ्यांत उतरल्यास नवेंच दुखणें उभें राहतें.

बामाची डबी तर घरोघर आहे. अमृतांजन १८९३ सालीं मुंबईंत निघालें. असल्या मलमांतील पुदिन्याचें सत्त्व कातडीस थंडावा देतें. ताणामुळें दुखणाऱ्या डोक्यावर पेपरमिंटच्या तेलाचा उपयोग होतो असें जर्मनींतील प्रयोगांत दिसलें आहे. अर्धशिशीवर त्याची मातबरी कमी. आणि पुष्कळांना झटक्याच्या वेळीं उग्र वासच सोसत नाहीं. त्यापेक्षां थंड पाण्याची घडी किंवा फडक्यांत गुंडाळलेला बर्फ मानेवर व कपाळावर ठेवणें बरें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत झटक्याच्या आरंभीं मानेभोंवतीं गार पट्टी गुंडाळली असतां वेदना कमी झाल्याचें आढळलें. खर्च नाहीं, अपाय नाहीं. अंधाऱ्या, शांत खोलींत पडून राहण्याची जोड मात्र तिला हवी.

चहा-कॉफीचाही अनुभव खरा आहे. कॉफी पिकविणारा आपला चिखलदरा जवळच आहे. कॉफींतील कॅफिन वेदनाशामक औषधाचा जोर वाढवितें, म्हणून कित्येक डोकेदुखीच्या गोळ्यांत तें मुद्दाम घातलेलें असतें. परंतु दिवसाला सहा कप पिणाऱ्यानें एके दिवशीं चहा सोडला, कीं त्या सोडण्यानेंच डोकें दुखतें. कप थोडे असावे आणि नेमानें असावे.

राहतां राहिली दूध-जिलेबी. रात्रभराच्या उपवासानंतर पोटांत साखर व दूध गेलें, तर भुकेमुळें येणारा झटका टळूं शकेल. सूर्योदयाच्या मुहूर्ताचा त्याच्याशीं संबंध नाहीं. भाकरी-दुधानेंही तेंच काम होईल, आणि मधुमेह असलेल्यास जिलेबीचा हा तोडगा महागांत पडेल.

मग निरुपयोगी तोडग्यांचाही गुण कसा येतो? एक तर झटका आपोआप ओसरणारा असतो. माणूस उपाय करतो तो वेदना शिगेस पोंचल्यावर, आणि शिगेनंतर उतार हा येणारच. दुसरें, विश्वासाचेंही सामर्थ्य आहे. २०१४ सालीं अमेरिकेंत सहासष्ट रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत खऱ्या औषधावर ‘खोटें’ अशी चिठ्ठी लावून आणि खोट्या औषधावर खऱ्या औषधाचें नांव लिहून तीं दिलीं, तेव्हां दोहोंचा गुण जवळपास सारखा ठरला. म्हणून ‘मला गुण आला’ असें म्हणणारा खोटें बोलत नसतो. मात्र त्याच्या बोलण्यावरून औषधाची पारख होत नाहीं.

येथवर सांगितलेल्या उपायांत फार तर पैसे व वेळ जातो. आतां सांगावयाचे ते उपाय घातक आहेत. सातपुड्याच्या रानांतला बिब्बा आपल्या परिचयाचा. ‘कामांत बिब्बा घालणें’ हा वाक्प्रचार उगीच रूढ झालेला नाहीं. त्याचें तेल कातडीवर पडलें कीं फोड उठतात. दुखऱ्या कानशिलावर, डोळ्यापासून दोन बोटांवर, तें लावणें म्हणजे डोळ्याशीं खेळ आहे. दुसरा उपाय डागण्याचा. सुश्रुतानें शिरोरोगांत भुंवई, कपाळ व कानशील डागण्यास सांगितलें आहे. भूल नव्हती, वेदनाशामक गोळी नव्हती, त्या काळाचा तो उपाय. आज त्याचें समर्थन करतां येत नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील मेळघाटांत पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांना तापलेल्या लोखंडानें ‘डंबा’ देण्याच्या घटना अलीकडच्या वर्षांतही उघडकीस आल्या आहेत. शहरांतले लोक त्याबद्दल हळहळतात आणि घरीं मात्र कानशिलावर बिब्बा लावतात, हें विसंगत आहे.

परंतु सुशिक्षित घरांतील सर्वांत मोठा धोका औषधांच्या दुकानांतून येतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यांतून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा अनेक औषधांची मिश्र गोळी दहा किंवा अधिक दिवस, असें तीन महिन्यांहून अधिक काळ चाललें, तर त्या गोळीमुळेंच रोज डोकें दुखूं लागतें. रोगी गोळी वाढवितो, दुखणें वाढतें. पुढें जठर व मूत्रपिंडें यांनाही इजा पोंचूं शकते. पर्समध्यें पत्ता बाळगणाऱ्यांनीं दिनदर्शिकेवर गोळीच्या दिवसाला खूण करावी आणि महिनाअखेर त्या खुणा मोजाव्या.

त्याच दिनदर्शिकेवर झटक्याचे दिवसही टिपावे. वऱ्हाडांत त्याचीं निमित्तें शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. मे महिन्यांतील ऊन हें पहिलें. अकोल्यास पारा ४५ अंशांच्या वर जातो. २०२४ च्या मे महिन्यांत तर उष्णतेमुळें तेथें जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. उन्हांत जातांना डोक्याला दुपट्टा आणि पोटांत पाणी किंवा पन्हें असावें. दुसरें निमित्त उपवास. निर्जळ हरतालिकेनंतर डोकें धरून बसणाऱ्या भगिनींनीं हा संबंध ओळखावा. लग्नसराईंतील जागरण, कर्णकर्कश वाजंत्री, उग्र अगरबत्ती आणि मासिक पाळी हीं आणखी कांहीं. झोप, जेवण व व्यायाम यांचा नेम हाच सर्वांत स्वस्त उपाय. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत झालेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत औषधाला योगाभ्यासाची जोड दिलेल्यांचे झटके केवळ औषध घेणाऱ्यांपेक्षां अधिक कमी झाले. १९१४ सालीं स्थापन झालेल्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अमरावतीस व्यायामाचें महत्त्व दुसऱ्या कोणी सांगावयास नको.

शेवटीं एक गोष्ट प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी. वीज कडाडावी तशी एकाएकीं आलेली असह्य डोकेदुखी, ताप व मान ताठरणें, तोंड वांकडें होणें, जीभ अडखळणें, हातपाय लुळा पडणें, फीट येणें, डोक्याला मार लागल्यानंतरचें दुखणें, गरोदरपणांत किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलें दुखणें, उन्हांतून आल्यावर अंग तापून भान हरपणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास लेप, नस्य, काढा करीत बसूं नये. अमरावतीकरांनीं इर्विन आणि अकोलेकरांनीं सर्वोपचार रुग्णालय तत्काळ गांठावें. डोळ्यांपुढें रेषा दिसणाऱ्या स्त्रियांनीं संततिनियमनाच्या गोळ्या घेण्यापूर्वीं डॉक्टरांस हें लक्षण अवश्य सांगावें, कारण अशा स्त्रियांत त्या गोळ्यांनीं पक्षाघाताचा धोका वाढतो.

महिन्यांतून चारपांच दिवस अर्धशिशीनें वायां जात असतील, तर झटके टाळणारीं औषधें आज उपलब्ध आहेत, आणि सीजीआरपीलाच अटकाव करणारीं औषधेंही २०१८ पासून वापरांत आलीं आहेत. सुंठीचा काढा घ्यावा, मानेवर थंड घडी ठेवावी, दिवा मालवावा. पण त्याबरोबर घरांतील ज्या व्यक्तीचें डोकें वारंवार दुखतें तिला ‘तुला पुन्हां पित्त झालें’ असें म्हणून वाटेस लावूं नये. तिला एकदां नीट तपासून घ्यावें.