थोरलं दोन वर्षांचं, धाकटं दोन आठवड्यांचं

'आता तू दादा झालास हं! शहाण्यासारखं वागायचं.' घरात दुसरं बाळ आलं की पहिल्याला हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकावं लागतं. आजी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, बाळ बघायला आलेलं प्रत्येक जण म्हणतं. पण हा दादा असतो केवढा? दीड-दोन, फार तर अडीच वर्षांचा. कालपर्यंत त्याला चिऊ-काऊचा घास भरवावा लागत होता. 'उद्या' म्हणजे काय ते अजून कळत नाही. आई दवाखान्यात जाते, तीन दिवसांनी परत येते आणि तेवढ्यात हा 'मोठा' होऊन बसतो! खरं तर तो मोठा झालेला नसतो. तान्ह्याशेजारी मोठा दिसतो, इतकंच.

पहिल्या बाळंतपणाचं किती कौतुक असतं! डोहाळजेवण, माहेरपण, अळिवाचे लाडू, दुपारची झोप. दुसऱ्या खेपेला मात्र 'तुला काय, सगळं माहीतच आहे' असं म्हणून सगळे मोकळे होतात. पुष्कळ जणींचं दुसरं बाळंतपण सासरीच होतं. एक मांडीवर, एक पदराला, दारात दूधवाला आणि गॅसवर कुकरच्या शिट्ट्या. मैत्रिणींनो, ओळखीचं वाटतंय ना?

थोरल्याच्या बाजूनं बघू या

त्याच्या दृष्टीनं काय झालंय? आई अचानक नाहीशी झाली. आली ती दमलेली, आडवी पडलेली. तिच्या कुशीतली त्याची जागा कुणीतरी घेतली. त्यात येणारे-जाणारे गंमत म्हणून चिडवतात, 'आता तुझे लाड संपले', 'तुला बोहारणीला देऊन टाकू'. आपल्याला ती थट्टा वाटते, दोन वर्षांच्या लेकराला ती खरी वाटते. बोहारीण खरोखरच दारावर येते आणि घरातल्या जुन्या वस्तू खरोखरच घेऊन जाते, हे त्यानं पाहिलेलं असतं!

मग ते चड्डीत शू करायला लागतं. सोडलेली बाटली पुन्हा मागतं, बोबडं बोलतं. बाळाचा पापा घेता घेता चिमटा काढतं. आई पाजायला बसली की नेमकं तेव्हाच त्याला पाणी हवं असतं. याला आपण हट्टीपणा म्हणतो. खरं तर ते लेकरू एकच गोष्ट विचारत असतं, 'मी अजून तुझाच आहे ना?' त्याला तोंडानं विचारता येत नाही, म्हणून ते असं वागून विचारतं. शू केली म्हणून मारलं किंवा 'बाळासमोर लाज नाही वाटत?' म्हटलं, तर त्याला हवं ते उत्तर मिळत नाही. न रागावता चड्डी बदलली, जवळ घेतलं, तर बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात.

काही मुलं पुन्हा अंगावरचं दूध मागतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन-चार घोट पिऊन ती स्वतःच उठून पळतात. नियम एवढाच, की आधी तान्ह्याचं पोट भरायला हवं. पहिल्या दिवसांतला चीक तर आधी बाळालाच मिळाला पाहिजे.

एका आजाराचं नाव

थोरल्याकडे दुर्लक्ष होणं हा फक्त मनाचा प्रश्न नाही. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाई आफ्रिकेत गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करत होत्या. पाय सुजलेली, कातडी सोलवटलेली, केस तांबूस झालेली लहान मुलं त्यांच्याकडे यायची. तिथल्या बायकांकडे या आजाराला नाव होतं, 'क्वाशिओरकोर'. गा भाषेतल्या या शब्दाचा अर्थ, पुढचं भावंडं जन्मल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार. धाकटं आलं की थोरल्याचं आईचं दूध तुटायचं आणि त्याच्या वाट्याला नुसती मक्याची पेज यायची. १९३५ मध्ये विल्यम्सबाईंनी हे नाव वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि पुढं जगभरच्या पुस्तकांत ते तसंच राहिलं. मराठीत याला सुजवटी म्हणतात. डॉक्टरांच्या आधी तिथल्या आयांनी ओळखलं होतं, की नवं बाळ आलं की आधीच्या बाळाचं ताट तपासायला हवं.

आपल्या घरी इतकं टोकाला जात नसेल. पण नव्या बाळाच्या गडबडीत थोरल्याच्या हातात बिस्किटाचा पुडा नाही तर कुरकुऱ्यांचं पाकीट देऊन त्याला गप्प बसवणं सर्रास चालतं. दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन जेवणं आणि मधे दोनदा खाणं लागतं. वरण-भातावर तूप, मऊ भाकरी दुधात कुस्करून, चालत असेल तर अंडं, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, केळं. वेगळं काही रांधायला नको. बाळंतिणीसाठी जे मऊ, ताजं शिजतं त्यातलंच त्याच्या ताटलीत वाढावं आणि भरवायचं काम बाबांनी नाही तर आजोबांनी अंगावर घ्यावं.

दिवसाचं गणित

तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. म्हणजे आई जवळजवळ सारखी बसलेलीच. हीच वेळ थोरल्याला सर्वात जड जाते. म्हणून एक जुनी पिशवी वेगळी ठेवा. तिच्यात चित्रांचं पुस्तक, रिकामे डबे, मोठे लाकडी ठोकळे असं काहीबाही. ही पिशवी फक्त बाळ पीत असतानाच निघणार. शेजारी बसवून एका हातानं त्याच्या पाठीवरून हात फिरवता येतो, गोष्टही सांगता येते.

बाळाला मालीश चालू असताना त्याला 'लांब हो' म्हणण्यापेक्षा लंगोट आणून द्यायचं काम सांगा. त्याच्याही पायाला थोडं तेल चोळा. आणि एक छोटी युक्ती. आपण दिवसभर त्याला म्हणतो, 'थांब, बाळ रडतंय.' कधीतरी त्याच्यासमोर बाळाला म्हणा, 'थांब हं सोनू, आता दादाची पाळी.' बाळाला त्यातलं काही कळत नाही, पण दादाचा चेहरा बघा!

बाळ झोपलं की आपल्याला भांडी दिसतात, वाळत घालायचे कपडे दिसतात. त्यातली पंधरा मिनिटं थोरल्याला द्या, मोबाइल लांब ठेवून. बाकीची वेळ स्वतः आडवं व्हा. भांडी घासायला घरात आणखी हात असतात.

प्रेमाच्या भरात दोघांना एकटं सोडू मात्र नका, मिनिटभरही नाही. दोन वर्षांचा दादा मायेनंच बाळाच्या तोंडात शेंगदाणा घालतो, झोका जोरात देतो, तोंडावर दुपटं ओढतो. त्याला सर्दी-खोकला असेल तर पापे थोडे दिवस बंद, आणि बाळाला हात लावण्याआधी साबणानं हात धुणं हा घरातल्या सगळ्यांचा नियम. बंद खोलीत धुरी-शेगडी नको. बाळाला वर्षाचं होईपर्यंत मध नको, गुटीतूनसुद्धा नको. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीही नाही.

दोन्ही कार्डं काढा

तान्ह्याला जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि 'ब' काविळीची लस मिळते. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या तारखा आपण कॅलेंडरवर लिहून ठेवतो. विसरतो ते थोरल्याचं. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान त्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो, त्रिगुणी आणि पोलिओचे बूस्टर असतात. पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व 'अ'ही असतं. नेमकी हीच वेळ दुसऱ्या बाळंतपणाची! म्हणून लसीकरणाला जाताना दोन्ही मुलांची कार्डं पिशवीत टाका आणि थोरल्याचंही वजन करून घ्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणं अपेक्षित असतं. त्यांना चहा देऊन वाटेला लावू नका. दोन्ही मुलांबद्दल आणि स्वतःबद्दलही विचारा. दुसरी मुलगी झाली असेल, तर १ एप्रिल २०२२ पासून मातृवंदना योजनेत ६ हजार रुपये मिळतात. आपण त्यात बसतो का, तेही त्यांच्याकडूनच कळेल. आणि 'दुसरीही मुलगीच का?' असं कुणी थोरलीसमोर बोललं, तर तिथल्या तिथं थांबवा. तिला शब्द कळतात, आणि ते दोघींनाही लागतात.

आईचं काय?

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस उगाच रडू येणं पुष्कळ जणींच्या बाबतीत होतं. ते आपोआप ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही उदास वाटतंय, बाळ झोपलेलं असूनही झोप येत नाही, थोरल्यावर सारखा हात उठतोय, 'मी नसते तर बरं' असं मनात येतंय, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. 'दोन पोरं आम्हीही वाढवली' असं म्हणून सासूबाईंनी ते उडवून लावू नये. नवऱ्यानं सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं. टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्याही बोलता येतं.

बेचाळिसाव्या दिवशीच्या तपासणीत पाळणा लांबवण्याचंही विचारून घ्या. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यात निदान दोन वर्षांचं अंतर असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीर भरून यायला तेवढा वेळ लागतो, आणि मांडीवरच्याला आपली मांडीही तेवढी जास्त दिवस मिळते.

बाळ बघायला जाताना

आपण टोपडं-झबलं घेऊन जातो. बाळाकडे अशी पंधरा टोपडी आधीच जमलेली असतात. पुढच्या वेळी एक करून बघा. दारातून आत गेल्यावर पाळण्याकडे वळण्याआधी दाराआडून बघणाऱ्या त्या दोन वर्षांच्या माणसाला नावानं हाक मारा. त्याच्यासाठी एखादा चेंडू न्या. त्याच्या आईसाठी भाजी-पोळीचा डबा न्या. आणि जमलं तर निघताना त्याला तासभर आपल्या घरी खेळायला घेऊन जा. तेवढ्या वेळात ती माउली बाळाशेजारी एक डुलकी काढेल.