शिक्षकांसाठी नक्षीची बिस्किटे : कृती आणि त्यामागचा विचार



स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप आला तेव्हा मी संकोचले. मी काही लेखिका नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत लिपिक म्हणून लागले. गेली वीसेक वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब लिहिते आहे. परंतु दरवर्षी २ ते ५ सप्टेंबर या काळात आमच्या घरी वस्तीतील मुले जमतात आणि शिक्षकांसाठी बिस्किटे करतात. त्याची कृती अनेक भगिनी विचारतात. तीच येथे लिहून काढली, तर विद्यार्थ्यांना उपयोग होईल, असे वाटले.

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९६२ साली राष्ट्रपती झाले. त्या वर्षापासून ५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, म्हणजे ३ जानेवारीलाही, अनेक शाळांत शिक्षकांचा गौरव होतो. अमेरिकेत मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात शिक्षकांप्रति कृतज्ञता व्यक्त करतात आणि त्या आठवड्यात रंगीत साखरेने सजवलेल्या कुकीज देण्याची तिकडे पद्धत आहे. ‘कुकी’ हा शब्द मूळ डच भाषेतला असून त्याचा अर्थ लहानसा केक. आपल्या नानखटाईचीच ती दूरची बहीण म्हणावी.

भेटवस्तू कशासाठी?

प्रथम थोडे विचाराचे. अलीकडे शिक्षक दिनाला मुलांमध्ये भेटवस्तूंची चढाओढ लागते. कोणी घड्याळ देतो, कोणी साडी. ज्याच्या घरी महिनाअखेर ओढाताण असते ते मूल त्या दिवशी शाळेत जाणेच टाळते. हे मी आमच्याच वस्तीत पाहिले आहे. म्हणून आम्ही ठरवले की, एकट्याने काही द्यायचे नाही. सर्वांनी मिळून, स्वतःच्या हातांनी केलेलेच द्यायचे.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले, हे आपण सर्व जाणतो. ती भेट किमतीने मोठी नव्हती. देणाऱ्याने स्वतः कष्ट करून घडवलेली वस्तू घेणाऱ्याकडे पाहून दिली, हे तिचे मोल. तोच नियम आपण उलट दिशेने, विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे, लावू शकतो.

साहित्य

३० बिस्किटांसाठी पुढील साहित्य लागते. मैदा ३०० ग्रॅम, मीठ नसलेले लोणी १५० ग्रॅम, दळलेली साखर १२० ग्रॅम, दूध दोन ते तीन मोठे चमचे, व्हॅनिला इसेन्स एक लहान चमचा आणि चिमूटभर मीठ. मिठाचे लोणी घेतल्यास वेगळे मीठ घालू नये. अंडे घालायचे नाही. शिक्षकांपैकी कोण खातात, कोण खात नाहीत हे मुलांना ठाऊक नसते, आणि भेट सर्वांना खाता आली पाहिजे.

नानखटाईत आपण सोडा घालतो. तिने फुलावे, तिला भेगा पडाव्यात, अशीच आपली अपेक्षा असते. येथे उलट आहे. बिस्किटाचा पृष्ठभाग पाटीसारखा सपाट राहिला तरच त्यावर लिहिता येते. म्हणून सोडा किंवा बेकिंग पावडर वर्ज्य. साखरही दळलेलीच हवी. दाणेदार साखर भट्टीत वितळते आणि बिस्किट पसरून आकार बिघडतो.

पीठ आणि भाजणी

लोणी आणि साखर एकत्र फेसून त्यात इसेन्स घालावा, मग चाळलेला मैदा मिसळावा आणि लागेल तसे दूध घालून गोळा करावा. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. जास्त मळल्याने मैद्यातील चिकटपणा वाढतो, बिस्किटे चिवट होतात आणि भाजताना आक्रसतात. गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा.

पोळपाटावर बटर पेपर घालून गोळा लाटावा. जाडी सगळीकडे सारखी राहावी म्हणून आमची मुले एक युक्ती करतात. पिठाच्या दोन बाजूंना दोन पेन्सिली ठेवायच्या आणि लाटणे त्यांवरून फिरवायचे. जाडी आपोआप ६ ते ७ मिलिमीटर राहते. साचे विकत घेण्याची गरज नाही. साधारण साडेपाच सेंटिमीटर व्यासाच्या वाटीने गोल पाडावेत. वेगळा आकार हवा असल्यास जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून पिठावर ठेवावा आणि सुरीने कडेने कापावे. कापलेली बिस्किटे पुन्हा पंधरा मिनिटे गार करावीत. लोणी घट्ट असले म्हणजे ते विरघळण्यापूर्वीच कडा धरल्या जातात आणि आकार टिकतो.

ओव्हन असल्यास १७० अंश सेल्सिअसवर आधी तापवून घ्यावा आणि बिस्किटे १२ ते १५ मिनिटे भाजावीत. कडा किंचित सोनेरी झाल्या की पुरे. बाहेर काढल्यावर ती मऊ वाटतात म्हणून पुन्हा आत ढकलू नयेत, थंड होताना ती कडक होतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून त्यावर कडे ठेवावे, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे, मग कड्यावर ताटली ठेवून मंद आचेवर भाजावे. यास वीस-बावीस मिनिटे लागतात, आणि खालची बाजू करपत नाही ना, हे पाहत राहावे. पूर्वी दिवाळीत नानखटाईचे डबे बेकरीत भाजायला नेत असत. ओळखीची बेकरी असेल तर तोही मार्ग आहे.

साखरेची शाई

सजावटीसाठी २५० ग्रॅम आयसिंग शुगर घ्यावी. ती नसल्यास साखर मिक्सरमध्ये अगदी बारीक करून त्यात लहान चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळावे आणि मलमलीच्या कापडातून चाळावी. त्यात एक लहान चमचा लिक्विड ग्लुकोज, लिंबाच्या रसाचे चार थेंब आणि दोन मोठे चमचे पाणी घालून घोटावे. नंतर लागेल तसे अर्धा-अर्धा चमचा पाणी वाढवावे. पाणी उडून गेले की साखरेचे सूक्ष्म कण एकमेकांना धरतात आणि थर कडक होतो. ग्लुकोजमुळे मोठे खडे होत नाहीत व चकाकी राहते. काही जण यात कच्च्या अंड्याचा पांढरा बलक वापरतात. मुलांच्या हातून ते करू नये, त्यातून जंतुबाधा होऊ शकते.

या मिश्रणाची दोन रूपे लागतात. एक दाट, कडेची रेघ ओढण्यासाठी. दुसरे सैल, आतला भाग भरण्यासाठी. सैल मिश्रणाची परीक्षा अशी : चमच्याने धार सोडावी आणि मनात आकडे मोजावेत. दहा ते पंधरा मोजेपर्यंत धारेची खूण विरली तर योग्य. लगेच विरली तर पातळ झाले, त्यात साखर वाढवावी. बटर पेपरचा मेंदीच्या कोनासारखा कोन करून त्यात मिश्रण भरावे. ज्या मुलींचा मेंदीवर हात बसलेला असतो त्यांना हे काम एका संध्याकाळीत जमते.

रंग खाण्याचेच वापरावेत. पाकिटावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहावा. रांगोळीचे वा होळीचे रंग चुकूनही नकोत. तपकिरी रंगासाठी कोको पावडर आणि गुलाबीसाठी बिटाचा रस घरीच मिळतो.

नक्षी कोणती काढावी?

नक्षी ज्या-त्या शिक्षकाची असावी. भूगोलाच्या सरांना पृथ्वीचा गोल, गणिताच्या बाईंना कोनमापक, विज्ञानासाठी परीक्षानळी, मराठीसाठी मुलांना सर्वांत अवघड गेलेले अक्षर. आमच्या एका गटाने ‘ळ’ काढला होता. पाटी, पुस्तक, पिंपळपान हे आकार कोणालाही शोभतात. मात्र महापुरुषांचे चित्र अथवा नाव बिस्किटावर काढू नये. ज्या वस्तूचे तुकडे व्हायचे आहेत तिच्यावर ते शोभत नाही.

देवनागरी लिहिताना अक्षर दीड सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवू नये, नाहीतर ‘क’ आणि ‘ळ’ यांच्या गाठी भरून जातात. आधी अक्षराचे अंग काढावे, शिरोरेषा शेवटी. खालचा थर पूर्ण वाळल्याशिवाय लिहू नये. सप्टेंबरच्या दमट हवेत गडद रंग ओल्या पांढऱ्या थरात उतरतो आणि अक्षर फुटते. म्हणून वेळापत्रक असे ठेवावे : २ तारखेला भाजणी, ३ ला पांढरा थर, ४ ला रंग आणि अक्षरे, ५ ला सकाळी बांधणी. प्रत्येक थर रात्रभर पंख्याखाली वाळवावा आणि बिस्किटे वाळण्याआधी एकावर एक रचू नयेत.

हिशेब

सवयीप्रमाणे हिशेबही दिला पाहिजे. गेल्या वर्षीच्या माझ्या वहीप्रमाणे लोणी ९० रुपये, मैदा १५, साखर २०, दूध, इसेन्स, ग्लुकोज आणि रंग मिळून ३०, कागद व दोरा २५. एकूण १८० रुपये. गॅस धरलेला नाही. ३० बिस्किटांना भागले तर एका बिस्किटाला ६ रुपये पडतात. सहा मुलांनी वाटून घेतले तर प्रत्येकी ३० रुपये. ज्याला तेही जमत नाही त्याने भांडी घासावीत, त्याचा वाटा तितकाच धरावा. चार-चार बिस्किटांची सहा पाकिटे होतात, उरलेली सहा कारागिरांची. तुटलेली आपण ठेवायची, अखंड द्यायची.

प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी हवी. ‘आपण थोर आहात’ असे त्यात लिहू नये. त्या शिक्षकाने शिकवलेली एखादी नेमकी गोष्ट लिहावी. ‘सर, अपूर्णांक मला तुम्ही भाकरीचे तुकडे करून समजावलेत’ असे एक वाक्य पुरे. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी चिठ्ठी मोठी आणि पाकीट लहान करावे.

एक जुनी गोष्ट

सहा पाकिटांपैकी पाच शिक्षकांची. सहावे शाळेतील शिपाईकाका किंवा सेविका मावशींचे, आणि ते सर्वांत आधी बांधले जाते. याचे कारण मुले विचारतात. आजवर मी त्यांना ते नीट सांगितले नव्हते.

मी पाचवीत असताना आईने रात्री जागून माझ्या बाईंसाठी शंकरपाळ्या केल्या होत्या. नवा रुमाल धुऊन त्यात बांधून दिल्या. बाईंनी पुरचुंडी हातात घेतली नाही, टेबलाच्या कडेला ठेवायला सांगितली. मधल्या सुट्टीत पाहते तो शाळेतली मावशी ती सोडून बसलेली. मला म्हणाली, “तुझ्या आईनं केल्या होय? बस, खा माझ्यासंगं.” आम्ही दोघींनी खाल्ल्या. घरी आल्यावर आईने विचारले, बाईंना आवडल्या का? मी म्हटले, आवडल्या. आई आता नाही. तिला खरे काय ते कधीच सांगितले नाही. बाईंच्या मनात काय होते, हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि शाळेचे नावही येथे सांगत नाही. पण वस्तीतल्या किती घरांत अशी एखादी पुरचुंडी आठवणीत असेल, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून मुलांनी प्रथम खाण्याची वस्तू द्यायचे ठरवले तेव्हा मीच कचरले होते. म्हटले, पेन द्या, फूल द्या. मुलांना माझी भीती कळली नाही आणि ती त्यांना कळू नये असेच मला वाटले. ती बिस्किटे घेऊन गेली. दुपारी माझी मुलगी परत आली ती तक्रार करत : “आई, सरांनी कोनमापक वर्गातच खाऊन टाकला! आम्ही तीन दिवस केला होता.” मी हातातले काम ठेवले आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. सर कुठे उभे होते, पाकीट कोणी उघडले, आधी काय खाल्ले. तिला वाटले, आई बिस्किटांच्या चवीबद्दल विचारते आहे.

सर्वच शिक्षक तसे वागतील, असे मी म्हणत नाही. कोणी पाकीट बाजूला ठेवले तरी मुलांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. वस्तू स्वच्छ हातांनी आणि चांगल्या मनाने केली असेल तर तिची लाज करणाऱ्याने बाळगू नये. हे मला पाचवीत कोणी सांगितले असते तर मी आईशी खोटे बोलले नसते.

तरी विद्यार्थी मित्रांनो, येत्या सप्टेंबरात आपापल्या वस्तीत हा प्रयोग अवश्य करा. पहिल्या खेपेस अक्षरे वाकडी येतील, दोन-चार बिस्किटे करपतील. ती आपण खावीत आणि सहावे पाकीट विसरू नये.