शेजाऱ्याचा ड्रोन डोक्यावर? बंदूक नको, फोन काढा!

अमेरिकेत अनेकांकडे शिकारीसाठी स्वतःची जमीन असते. समजा, हरणांचा सीझन आहे, तुम्ही पहाटेपासून मचाणावर बसलाय आणि शेजाऱ्याचा ड्रोन घोंघावत आला. हरणं पसार! बंदूक हातात आहेच, मग पाडायचा का?

अजिबात नाही. तिथल्या कायद्यात ड्रोन हे विमानच आहे, त्यावर गोळी झाडणं फेडरल गुन्हा ठरतो. शिवाय वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येणारच.

त्यापेक्षा फोन वापरा. तिथे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची एफएएकडे नोंदणी लागते आणि बहुतेकांना रिमोट आयडीसुद्धा. म्हणजे ड्रोन उडताना स्वतःचा आयडी, जागा, उंची आणि उडवणाऱ्याची किंवा टेकऑफची जागा ब्लूटूथ किंवा वायफायवरून सांगत राहतो. फोन सपोर्ट करत असेल, तर अ‍ॅपमध्ये हे दिसतं. मालकाचं नाव मात्र दिसत नाही, ते एफएए पोलिसांना देऊ शकते.

मग स्क्रीनशॉट घ्या, वेळ लिहून ठेवा आणि आधी शेजाऱ्याशी बोला. कदाचित त्याला तुम्ही तिथे बसलाय हे माहीतच नसेल. तरी ऐकलं नाही आणि मुद्दाम हरणं पळवत असेल, तर वन्यजीव अधिकाऱ्याकडे तक्रार करा. पुरावा तुमच्या खिशातच आहे.