गटातून मतदारसंघाकडे

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर मतदारसंघाने २००४ पासून एकाही आमदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा विधानसभेत पाठवलेले नाही. २००४ला भाजपचे बाबूराव पाचर्णे, २००९ला राष्ट्रवादीचे अशोक पवार, २०१४ला पुन्हा पाचर्णे, २०१९ला पुन्हा पवार आणि २०२४ला ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कटके. शेजारच्या दौंडचा स्वभाव अगदी उलटा. तिथे १९९० पासून सुभाष कुल, त्यांच्या निधनानंतर रंजना कुल आणि २०१४ पासून राहुल कुल. या घराला एकदाच, २००९ला, रमेश थोरातांनी अपक्ष उभे राहून हरवले. २०१९ला राहुल कुल आणि थोरातांच्या लढतीत फरक पडला फक्त ७४६ मतांचा.

कटके यांची वाट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०१७ला ते शिवसेनेकडून जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि सात वर्षांनी अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून ७४ हजारांहून अधिक मतांनी आमदार झाले. जिल्हा परिषद गटाचा सदस्य थेट विधानसभेत जाणे ही महाराष्ट्राची जुनी परंपरा. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मग जिल्हा परिषद, मग १९८०ला आमदार. आर. आर. पाटलांनी सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेत दहा-अकरा वर्षे काढली आणि १९९०ला तासगावातून विधानसभा गाठली. या दोघांना प्रशासन कळत होते, कारण फाइल कुठे अडते हे त्यांनी जिल्हा पातळीवर पाहिले होते.

जिल्हा परिषदेची ही शाळा उभी राहिली ती वसंतराव नाईक समितीच्या अहवालावर. बलवंतराय मेहता समितीने तालुक्यावर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा बळकट करायचा ठरवला आणि आमदार-खासदारांना परिषदेत बसवू नये, असे सांगितले. जिल्हा परिषदांचा १९६१चा कायदा १ मे १९६२ला अमलात आला. त्यामागचा विचार मला आजही पटतो. गावचा कार्यकर्ता आमदाराच्या सावलीत न राहता स्वतः शिकावा, चुकावा, हिशेब द्यावा.

तो शिकतो काय, हे एका रस्त्यावरून कळते. राहू, केडगाव, न्हावरे या पट्ट्यात गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वाडीच्या रस्त्याची चाळण करतात. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा. वाडीच्या रस्त्याला क्रमांकच नसेल तर निधी येत नाही. म्हणून सदस्य आधी क्रमांकासाठी धावतो. मग ठराव, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. मधे मार्चअखेर आली की निधी परत जायची भीती. शाळाखोली, प्राथमिक आरोग्य केंद्र, पाणीयोजना यांचेही तसेच. ज्याने हे एकदा केले, त्याला विधानसभेत अधिकारी गोलमोल उत्तर देऊन वाटेला लावू शकत नाही.

पण गटातले काम आणि मतदारसंघ यांचा मेळ बसतोच असे नाही. मतदारसंघांच्या फेररचनेत शिरूर तालुक्यातली ३९ गावे आंबेगावला जोडली गेली आणि हवेलीतली वाघोली, लोणी कंद ही गावे शिरूरमध्ये आली. त्यामुळे पाबळकडच्या कार्यकर्त्याचा तालुका शिरूर, आमदार आंबेगावचा. कटके वाघोलीचे, आणि वाघोली २०२१ला पुणे महापालिकेत गेली. आमदाराचे स्वतःचे गाव आता जिल्हा परिषदेच्या नकाशावर नाही. लोणी कंदचे प्रदीप कंद तर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते. अध्यक्षपदही विधानसभेची हमी देत नाही.

दुसरी वाट सहकाराची. थोरातांची ताकद पुणे जिल्हा मध्यवर्ती बँकेची, अशोक पवारांची घोडगंगा साखर कारखान्याची, कुलांची पाटसच्या भीमा कारखान्याची. शेतकऱ्याला कर्ज आणि उसाला तोड देणारा माणूस सदस्यापेक्षा जवळचा वाटतो, यात नवल नाही. मात्र कारखाना आजारी पडला की तीच ताकद अंगावर येते. भीमा कारखाना २०२२ला भाडेतत्त्वावर गेला. घोडगंगा बंद पडला आणि २०२४च्या प्रचारात पवारांना त्याचीच उत्तरे द्यावी लागली. सहकारात सभासद मतदार असतो; वाडीतला भूमिहीन मजूर, मेंढपाळ, रांजणगाव-कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार सभासद नसतो. त्याचे दार जिल्हा परिषदेचेच. म्हणून मी जिल्हा परिषदेच्या वाटेला वरचे स्थान देतो. आरक्षणामुळे निम्म्या जागांवर बायका आल्या, हेही सहकारात घडले नाही.

आणि हेच दार आपण बंद ठेवले. मार्च २०२२मध्ये ७५ सदस्यांच्या पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आला. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचा वाद न्यायालयात लांबला. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका उरका, असे सांगावे लागले. तीन वर्षांहून अधिक काळ सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारणारा कुणी नव्हता. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, त्यामुळे शाळेच्या पत्र्यापासून स्मशानभूमीच्या शेडपर्यंत लोक त्याच्याच दारात उभे राहिले. आमदाराने कायदे करायचे, पाण्याच्या वाटपावर भांडायचे; त्याचा वेळ गटारीत गेला.

शिरूर-दौंडच्या मतदारांना एकच विनंती. पुढच्या वेळी गटातला सदस्य आमदारकीचा फॉर्म भरून तुमच्या ओट्यावर आला, तर त्याला पक्ष विचारू नका. सर्वसाधारण सभेत त्याने किती प्रश्न मांडले आणि त्यातले कोणते तडीस नेले, ते विचारा. सभेचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मिळते; ते मागवून वाचा.